स्लॅब पडण्याआधी एक पाइप



सुगी आटोपली की गावोगाव घरबांधणी निघते. सेंट्रिंग बसते, सळया बांधून होतात आणि वायरमन विचारतो, "पंखे कुठे कुठे?" त्याच वेळी तुम्हीही त्याला एक विचारावे, एवढ्यासाठी आजचे लिखाण. घरभर आवाज देणारे स्पीकर छताला लावायचे झाले, तर त्यांची तार कुठून जाणार?

श्रीमंतांचे चोचले म्हणून पान उलटू नका. आमच्याकडे रेडिओ सोप्यात असे. स्वयंपाकघरात ऐकू यावा म्हणून मोठा करावा, तर सोप्यातल्यांचे कान किटत. आणि शेवटच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आईला तरीही काही कळत नसे. सकाळच्या बातम्या, अभंग, पावसाचा अंदाज, सगळे तिच्यापासून तीन भिंती पलीकडे. खोलीखोलीत एक लहान स्पीकर आणि प्रत्येकाचे बटण वेगळे, एवढेच आम्हाला हवे होते.

पण हे सुचले घर बांधून झाल्यावर. वायरमनने स्पीकरसाठी स्लॅबला छिन्नी लावली. सळई उघडी पडली तेव्हा गवंड्याने त्याचा हात धरला. भोक सिमेंटने बुजवले, पण पुढच्या पावसाळ्यात तिथे तांबूस डाग उमटला, तो आजही पाहुण्यांच्या डोक्यावर आहे. घरचा स्लॅब साधारण पाच इंचांचा. छतात बसणाऱ्या मध्यम स्पीकरला आठ इंच रुंद भोक आणि तीन-चार इंच खोली लागते. हा हिशेब स्लॅबमध्ये बसतच नाही. असे स्पीकर पीओपीच्या खोट्या छतासाठी केलेले असतात. ते करायचे नसेल तर स्लॅबच्या खाली किंवा भिंतीवर डबीसारखा स्पीकर टांगावा. आवाजात मोठा फरक पडत नाही. पत्र्याच्या घरात तर भिंतच बरी, कारण पत्र्याखालचा उन्हाळा स्पीकरला मानवत नाही. कौलारू घरात तुळई आहेच.

आता तारेचा प्रश्न. दुकानात साधे आठ ओहमचे स्पीकर स्वस्त मिळतात. असे चार एकाच तारेला समांतर जोडले की ॲम्प्लिफायरवर दोन ओहमचा भार येतो. बरेच ॲम्प्लिफायर चार ओहमच्या खाली तग धरत नाहीत. तापतात आणि जळतात. दोन खोल्यांपुरते ठीक, पण सहा-सात खोल्यांना दुसरी रीत आहे, आणि ती तुम्ही देवळात, मांडवात पाहिलेली आहे. तिला शंभर व्होल्टची लाइन म्हणतात.

शिवारातली डीपी आठवा. अकरा हजार व्होल्टची लाइन लांबून येते. दाब जास्त म्हणून प्रवाह कमी, प्रवाह कमी म्हणून तारेत वीज कमी वाया जाते. मग डीपी तो दाब आपल्या मोटारीजोगा उतरवते. इथेही तसेच. ॲम्प्लिफायर मोठ्या दाबाने आवाज पाठवतो आणि प्रत्येक स्पीकरमागे आपली चिमुकली डीपी असते. तिच्यावर दीड, तीन, सहा वॅट असे टोक असतात. बंद खोलीला तीन वॅट भरपूर, ओसरीला सहा. सहा खोल्यांचे अठरा आणि ओसरीचे सहा, झाले चोवीस. थोडी जागा सोडून तीस-चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा. खोलीतले बटणही शंभर व्होल्टच्या लाइनचेच मागून घ्या. आणि साधा आठ ओहमचा स्पीकर चुकूनही या लाइनला थेट जोडू नका, तो जळेल.

या तारेचा झटका बसू शकतो, हे मुलांना सांगून ठेवा. जोडणी करताना ॲम्प्लिफायर बंद असावा. दिव्या-पंख्यांच्या पाइपातून ही तार ओढू नका. धोका आहे, शिवाय स्पीकरमध्ये घूं असा आवाज येत राहतो. वेगळा पाइप म्हणजे थोडा जादा खर्च. वायरमन कुरकुर करील, करू द्या. एका खोलीत दोन स्पीकर असतील तर लाल-काळ्या खुणा जुळवून जोडा, नाही तर ढोलकीचा ठेका पातळ ऐकू येतो. चुलीच्या थेट वर स्पीकर नको. परसदारी लावलात तर तोंडाला बारीक जाळी बसवा; कुंभारीण माशीला अशी जागा फार आवडते.

ॲम्प्लिफायरला रेडिओ जोडा, मोबाइल जोडा. माइकची सोयही बहुतेकांत असते. आमच्या घरातून आता गोठ्यापर्यंत "जेवायला चला" ही हाक जाते. हाक मारून मारून घसा बसणे थांबले. आईच्या खोलीचे बटण तिच्या उशाशी, हात पुरेल असे लावले आहे. नको असेल तेव्हा ती स्वतः बंद करते. पहिल्या आठवड्यात तिने ते बारा वेळा बंद-चालू करून पाहिले.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मात्र स्वतः वर चढा. पाइप सळयांच्या दोन थरांमध्ये बांधलेला आहे का, आत ओढतार सोडली आहे का आणि दोन्ही तोंडांत चिंधी कोंबली आहे का, ते पाहा. काँक्रीटचे पाणी आत गेले की तो पाइप कायमचा बंद.