आधी अंदाज, मग आकडेमोड

छताचा पंखा डगमगू लागला की घरातील मोठी माणसे तो बंद करायला सांगतात. पण असा पंखा आपल्या दांड्याला किती बलाने ओढतो, याचा अंदाज तुम्ही कधी केला आहे का? समजा, एका पात्याच्या टोकाशी, मध्यापासून ०.६ मीटरवर, ५ ग्रॅम वजन जास्त आहे आणि पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो. कोनीय वेग झाला सेकंदाला सुमारे ३१ रेडियन. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करा. उत्तर येते सुमारे ३ न्यूटन, म्हणजे ३०० ग्रॅम वजनाइतकी ओढ! शिवाय तिची दिशा सतत फिरत असते.

आता हीच रीत जलविद्युत केंद्राला लावू. रशियातील येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रातील टर्बाइने मिनिटाला सुमारे १४३ फेरे घेतात. अशा यंत्रात आसापासून ३ मीटरवर १० किलोग्रॅम वजन जास्त आहे, असे धरा. उभ्या दांड्याला सरळ ठेवणाऱ्या बेअरिंगांवर सुमारे ६,७०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ७०० किलोग्रॅम वजनाइतका आडवा भार येईल, आणि तो दिवसाला दोन लाखांहून अधिक फेऱ्या मारील. शेकडो टनांच्या यंत्रात १० किलोग्रॅम क्षुल्लक वाटतात. पण इतके हिसके क्षुल्लक नसतात. त्यांनी धातू थकतो, त्याला बारीक चिरा पडतात.

१७ ऑगस्ट २००९ रोजी याच केंद्रातील दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उडाले. पाणी आत घुसले आणि ७५ माणसे मरण पावली. झाकणाच्या बोल्टांना अशाच चिरा पडलेल्या आढळल्या. तेथील कंपनांचे कारण केवळ असमतोल नव्हते. वीजनिर्मिती कमीजास्त करताना टर्बाइनमधील पाण्याला बसणारे हेलकावेही त्यात होते. पण धडा तोच: लहान बल पुनःपुन्हा बसले की लहान राहत नाही.

आपल्या परीक्षांत दशांशाचे दुसरे स्थळ चुकले तर गुण जातात, 'साधारण किती? आणि किती वेळा?' असे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते शिक्षकांनी प्रत्येक गणितापूर्वी हे दोन प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही अडचण मीही वर्गात अनुभवतो. पण याला दोन मिनिटे पुरतात. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला धोक्याची पहिली जाणीव अशा अंदाजानेच होते.

तर सांगा पाहू, पंख्याचा वेग निम्मा केला, तर ती ३ न्यूटनची ओढ किती उरेल? कागद-पेन्सिल नंतर घ्या.