फराळाबरोबर चार विज्ञानकथा

दिवाळी अंक हाती पडला की आधी कथा आणि मग राशिभविष्य, हा आपल्याकडचा परिपाठ. विज्ञानकथेचे पान मात्र पुष्कळजण हळूच उलटून टाकतात. "त्यातले शास्त्र आम्हांला कळत नाही हो!" असे वर सांगतात. पाचोऱ्यात आमच्याकडे मराठी घेऊन बी. ए. करणारी मुलेही हेच म्हणतात. तेव्हा वाचकहो, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी ही चार कथांची शिफारस. चारही डॉ. जयंत नारळीकरांच्या. २० मे २०२५ रोजी ते गेले. कथा आपल्यापाशी आहेत.

पहिली 'कृष्णविवर'. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवताना त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा केला, एवढेच! नावाच्या वजनाने निकाल लागू नये, हा हेतू. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांनी पटकावले.

दुसरी 'उजव्या सोंडेचा गणपती'. ती वाचण्याआधी कागदाची एक लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोके चिकटवा. आता मधोमध पेन्सिल फिरवीत चला. हात न उचलता रेघ दोन्ही बाजूंना उमटते! अवकाशालाच असा पीळ पडला, तर डाव्या-उजव्याचे काय होईल? गणपतीच्या सोंडेचे आणि क्रिकेटपटूच्या हाताचे काय झाले, ते कथेतच वाचावे.

तिसरी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर? इतिहासाचे एक प्राध्यापक मराठे जिंकलेल्या जगात जाऊन पोचतात. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना ही कथा विशेष झोंबेल.

चौथी 'पुत्रवती भव'. नावातच आशीर्वाद! मुलगाच व्हावा अशी सोय शास्त्राने हाती दिली, तर समाज काय करील? उत्तरासाठी परग्रहावर जायला नको. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला. तरी २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली भरल्या ८४२. निसर्गाचा हिशेब साडेनऊशेच्या आसपासचा. मधल्या शंभर कुठे गेल्या?

यंत्र नवे होते, इच्छा जुनीच होती. चांगली विज्ञानकथा या दोहोंची गाठ घालून दाखवते. तेव्हा शास्त्र कळत नाही ही सबब चालायची नाही. माणूस कळतो ना, तेवढे पुरे.

या भाऊबीजेला ओवाळणी झाली की ही चौथी कथा घरात मोठ्याने वाचा. आजीबाईंनाही जवळ बसवून घ्या. नव्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणायचे, ते मग त्यांचे त्याच ठरवतील.