गरम झाल्यावर आवाज जातो, गळती जात नाही



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. गळीत हंगाम तोंडावर आलाय. टोळ्या येतील, फड पेटतील म्हणण्याआधी गाड्या रस्त्यावर येतील. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो : एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून फटफट येत असेल तर ती हंगामाआधी काढा, आणि लांबी-सीलंट थापून नाही, मॅनिफोल्ड खाली उतरवून काढा.

माझ्या उसाच्या ट्रकची गोष्ट. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. पहाटे गार गाडी चालू केली की टिक-टिक-टिक असा आवाज यायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "मालक, दहा मिनिटात जातोय, गरम झाली की गप्प बसती." खरंच गप्प बसायची. मीही गप्प बसलो.

आता कळतंय की हीच तर खूण होती. बिडाचा मॅनिफोल्ड तापला की फुगतो, फट थोडी मिटते, म्हणून आवाज कमी होतो. टॅपेटचा आवाज आणि हा आवाज कानाला सारखाच लागतो, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आधी टॅपेट सेट करून घेतात आणि पैसे वाया जातात. जोडाच्या कडेला काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला तर टॅपेटच्या मागे लागू नका. धूर तिथूनच निघतोय.

माझ्याकडे तीन वेळा वरच्यावर इलाज झाला. एकदा सीलंट, एकदा दोरी आणि सीलंट, एकदा नुसते नट करकचून आवळले. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बरे गेले. लोडवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात मॅनिफोल्डमधला धूर पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो. साधं सिलिकॉन सीलंट तीनशेच्या आसपासच हात टेकतं. मग ते टिकणार कसं? जळून कोळसा होणार आणि फट आधीपेक्षा मोठी होणार.

मग एक दिवस फडात गाडी भरत होती. शेवटच्या सिलिंडरजवळून येणारा गरम झोत शेजारच्या डिझेलच्या रिटर्न पाइपवर रोज बसत होता. रबर कडक होऊन चिरलं, डिझेल थेंब-थेंब मॅनिफोल्डवर पडायला लागलं. खाली गुडघाभर वाळलेलं पाचट. ड्रायव्हरला वास आला, त्यानं इंजिन बंद केलं, टोळीतल्या बायकांनी ओली माती आणून टाकली. ज्वाळा उठली नाही, नुसता धूर झाला. पण तोडलेला ऊस, उभा ऊस, गाडी आणि बांधावर झोळीत झोपलेली दोन लेकरं, सगळं त्या एका थेंबाच्या अंतरावर होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उभी केली. जुन्या मिस्त्रीनं मॅनिफोल्ड उतरवला. शेवटचा एक स्टड आतच तुटलेला. पॅकिंग जळून जाळी झालेलं. मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवली तर एका टोकाला खालून उजेड दिसत होता. मॅनिफोल्ड वाकला होता.

पण खरं कारण याच्याही पुढं निघालं. मिस्त्रीनं विचारलं, "सायलेन्सरच्या पाइपचा आधार कुठाय?" दोन हंगामांपूर्वी ती पट्टी तुटली होती, ती कुणी बसवलीच नव्हती. सगळा भार आणि खड्ड्यातले हिसके मॅनिफोल्डच्या टोकाच्या स्टडवर येत होते. आपण पान पिवळं पडलं की मूळ उपटून बघतो ना? मग गाडीच्या बाबतीत नुसत्या पानावर फवारा मारून का थांबतो?

करायचं काय, ते क्रमानं सांगतो.

१) आधी खात्री करा. इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्या लावून ब्लोअरची हलकी हवा आत सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. फुगे आले की जागा सापडली. चालू इंजिनावर हात फिरवून बघू नका.

२) गरम इंजिनावर पाना लावू नका. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाईत स्टड तुटतो. तुटलाच तर बाहेर राहिलेल्या टोकावर नट वेल्ड करून, ती उष्णता मुरू देऊन, सावकाश मागे-पुढे करत काढावा. ड्रिल मारायची वेळ आली तर बरोबर मध्यावर, आणि ते जाणत्या माणसाकडूनच.

३) हेडचा आणि मॅनिफोल्डचा, दोन्ही चेहरे खरवडून साफ करा. सरळ पट्टी आणि फिलर गेजनं तपासा. वाक कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सगळी तोंडं एका पातळीत ग्राइंड करून घ्या. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवं पॅकिंग म्हणजे वाकड्या उंबऱ्यावर नवं दार.

४) तडा असेल तर साधं वेल्डिंग करू नका. बिडाला आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो आणि सावकाश थंड करावं लागतं. नाहीतर शेजारीच दुसरा तडा जातो. माझं मत, परवडत असेल तर मॅनिफोल्डच बदला.

५) पॅकिंग सगळ्या तोंडांची नवीन घाला. एकच जळलंय म्हणून एकच बदललं तर जाडी कमी-जास्त होते. स्टड आणि नटही त्याच दर्जाचे, उष्णता सोसणारे घ्या. खोक्यातला कुठलाही बोल्ट चालत नाही.

६) आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. पान्याला पाइप घालून जोर काढायची सवय सोडा. पुस्तकात सांगितलं असेल तर एकदा इंजिन पूर्ण तापवून, थंड झाल्यावर परत तपासा.

७) शेवटी आधाराच्या पट्ट्या, टर्बोचे नट, शेजारचे डिझेल पाइप आणि वायरी बघा. हे राहिलं तर पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

आता काही जण म्हणतील, हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही. उचल घेतलेली असते, गव्हाणीवर नंबर लागलेला असतो. बरोबर आहे, मी त्यातलाच आहे. बिनटर्बोच्या जुन्या ट्रॅक्टरला बारीक टिकटिक असेल, धूर केबिनकडे येत नसेल, जवळ डिझेलचा पाइप नसेल, तर चार खेपा करून मग हात लावला तरी आभाळ कोसळत नाही. पण तीन ठिकाणी एक खेपही करू नका. झोत डिझेल पाइपवर किंवा वायरीवर येत असेल, धूर केबिनमध्ये येत असेल, किंवा टर्बो गाडी चढाला दम टाकून काळा धूर ओकत असेल. टर्बो त्या धुराच्या जोरावरच फिरतो. जोर वाटेतच गळाला की हवा कमी मिळते, डिझेल अर्धवट जळतं, ॲव्हरेज पडतं आणि इंजिन आतून जास्त तापतं. अशा वेळी पंपाचं डिझेल वाढवून घेणारे आहेत. तो इलाज नाही, तेल ओतून आग विझवणं आहे.

आणि ड्रायव्हरचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, त्याला आपण "झोप झाली नाही" म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो, त्याला वास नसतो. थंडीत काचा बंद करून नंबरची वाट बघत, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणारी पोरं आपलीच आहेत.

कृषी तज्ज्ञ मंडळींनाही एक विनंती. मेळाव्यात खत, बियाणं, फवारणी यावर आपण छान बोलता. एक दिवस टॉर्क पाना आणि फिलर गेज घेऊन या. गावातल्या पोरांना नट कुठल्या क्रमानं आवळायचा ते हातानं करून दाखवा. यंत्राची निगा हाही शेतीचाच धडा आहे.

माझ्या गाडीचं काम दीड दिवसात झालं. तीन वेळच्या मलमपट्टीचा आणि बुडालेल्या खेपांचा हिशेब मांडला तर खर्चही त्यापेक्षा कमीच आला. आता पहाटे गाडी चालू होते तेव्हा नुसता इंजिनाचा आवाज येतो.

उद्या सकाळी गार गाडी चालू करा, बॉनेट उघडा आणि दोन मिनिटं कान द्या. काय ऐकू आलं, ते खाली लिहा.