भानाचा पगार कोण देणार?

रे रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की दारूखाना लागतो. पत्र्यांचे ढीग, गंजलेले साखळदंड, गॅस कटरचा वास. इथे वाढलेल्या माणसाला 'डॉक' म्हटलं की एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे गोदी. पीएचडी झाल्यावर मी घरी सांगितलं की आता पोस्टडॉकसाठी अर्ज करतेय, तेव्हा बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "डॉकात पोस्ट निघालीय? आता कुठे भरती करतायत ते?" त्यांची सगळी नोकरी पोर्ट ट्रस्टमध्ये गेली.

मी समजावलं. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, दोन-तीन वर्षांची. विषय, जाणीव. आपल्याला काहीतरी 'जाणवतं' म्हणजे नेमकं काय होतं, मेंदूच्या पेशींमधून 'मी' कुठून येतो, समोरच्याला भान आहे हे आपण कशावरून ठरवतो. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. पण याचा पगार कोण देणार?"

हाच प्रश्न एका मुलाखतीत सूट घातलेल्या तीन माणसांनी मला विचारला. "याचा उपयोग काय?" आणि तिघं एकमेकांकडे बघून हसले. बाबांना उत्तर हवं होतं. त्या तिघांना नको होतं. म्हणून हे उत्तर बाबांसाठी.

उपयोग बघायला लांब जायची गरज नाही. परळला केईएमपर्यंत गेलं तरी पुरे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, त्या त्याच हॉस्पिटलात एका खाटेवर होत्या. डोळे उघडत, घास गिळत, आवाज काढत. पण त्या 'होत्या' का? पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली तेव्हा प्रश्न कायद्याचा वाटत होता, पण त्याच्या पोटात हा दुसरा प्रश्न बसला होता. कोर्टाने तीन डॉक्टर नेमले. त्यांनी तपासून सांगितलं की मेंदू मृत नाही, पण ही कायमची 'व्हेजिटेटिव्ह' अवस्था आहे. केईएमच्या परिचारिका मात्र सांगत होत्या की आवडीचं खाणं तोंडात पडलं की तिला कळतं, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते. ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टाने ठरावीक अटींवर उपचार थांबवण्याची वाट या देशात पहिल्यांदा मोकळी केली, पण अरुणा यांच्याबाबतीत केईएमच्या लोकांचं म्हणणं मानलं आणि याचिका फेटाळली.

आता सांगा, डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात मतभेद नेमका कशावर होता? शरीराच्या हालचाली दोघांनाही दिसत होत्या. भांडण होतं त्या हालचालींचा अर्थ काय, यावर. हा अर्थ रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही.

"मशीन सांगेल की!" असं म्हणणारे भेटतात. मशीनने काय सांगितलं तेही बघू. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अशाच अवस्थेतल्या एका तरुणीला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. तिच्या मेंदूतले तेच भाग उजळले जे धडधाकट माणसाचे उजळतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करू न शकणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने अशा सूचनांना प्रतिसाद दिला. चारातला एक! पण ओवेन यांच्या प्रयोगावर लगेच आक्षेपही आले की मेंदू उजळला म्हणजे आत कुणीतरी आहे, हे कशावरून? मशीन चित्र देतं. चित्रावरून माणसापर्यंतची उडी विचारानेच मारावी लागते, आणि ती चुकली तर कुणाचा तरी जीव जातो किंवा कुणीतरी आत कोंडलं जातं. ही उडी तपासणं हे काम आहे. गोदीत माल उतरवण्याइतकंच काम.

आणि गंमत बघा, या कामाची हत्यारं मराठीत आयती पडली आहेत. "शुद्धीवर आलाय, पण भानावर नाही" हे वाक्य आपल्याकडे कुणीही सहज बोलून जातं. जागं असणं वेगळं आणि जाणीव असणं वेगळं, हा जो भेद न्यूरॉलॉजीला तासून तासून करावा लागला, तो आपण रोज दोन शब्दांत करतो. शुद्ध, भान, जाणीव, संवेदना, चैतन्य. यांच्यातल्या सीमा कोण नीट आखून देणार? आज हे शब्द बुवांच्या प्रवचनात आहेत आणि कंपन्यांच्या 'माइंडफुलनेस' वर्कशॉपमध्ये आहेत. 'क्वांटम चैतन्य' विकणाऱ्या रील्स तुम्हीही बघितल्या असतील. आपण जागा रिकामी ठेवली, त्यांनी पथारी पसरली.

"आपल्यासारख्या गरीब समाजाला हे परवडतं का?" असं विचारणाऱ्यांनी अमळनेरला जाऊन यावं. १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ या गिरणीमालकाने खानदेशातल्या त्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तिथे फेलो राहत आणि विचार करण्यासाठी त्यांना पैसे मिळत. साने गुरुजी आधी इथे तत्त्वज्ञान शिकायला आले, मग प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. कृष्णचंद्र भट्टाचार्य पुढे इथले संचालक झाले. 'मी' ही जगातल्या वस्तूंसारखी एक वस्तू म्हणून कधीच हाती लागत नाही, असं सांगणारं त्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे पुस्तक १९३० मध्ये या संस्थेनेच काढलं. १९३३ मध्ये मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी मिळून 'अज्ञान' लिहिलं. पोस्टडॉक हा शब्द आपल्याकडे कुणाला माहीत नव्हता, तेव्हा जाणिवेवरची पोस्टडॉक अमळनेरला चालू होती.

यात मला गोडगोड इतिहास सांगायचा नाही. तो पैसा गिरणीच्या नफ्यातला होता आणि नफा कुणाच्या घामाचा असतो हे लालबाग-परळला शिकवायची गरज नाही. शिवाय त्या फेलोंनी लिहिलं ते बहुतेक इंग्रजीत, एकमेकांसाठी. गिरणीतल्या माणसाला त्यातलं काय मिळालं? म्हणूनच आता हा खर्च शेठजींच्या मर्जीवर नको, सार्वजनिक पैशातून हवा, आणि काम लोकांच्या भाषेत हवं.

आज काय आहे? यूजीसीने २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन पोस्टडॉक जाहीर केली. महिना ५०,०००, तीन वर्षं, आणि विज्ञानापासून भाषांपर्यंत सगळ्या विषयांना मिळून ९०० जागा. त्यात जाणिवेच्या तत्त्वज्ञानाच्या वाट्याला काय येणार, तुम्हीच हिशोब करा. बाहेर जायचं तर तिथेही दोन वर्षांचं कंत्राट, पुन्हा अर्ज, पुन्हा दुसरा देश. आणि प्रश्न मात्र असा की १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी त्यावर २५ वर्षांची पैज लावली, २०२३ मध्ये कॉख हरले आणि वाइनच्या बाटल्या देऊन मोकळे झाले. पाव शतकात न सुटलेला प्रश्न आम्ही चोवीस महिन्यांत सोडवायचा!

हे सगळं बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला गोदीची जुनी गोष्ट सांगितली. आजोबांच्या पिढीत कामगार रोज सकाळी गेटवर उभे राहत. जहाज आलं तर काम, आणि तेही टोळीवाल्याची मर्जी असेल तर. नाहीतर उपाशी घरी. मग संघटना झाल्या, १९४८ चा कायदा आला, पुढे डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी झाली. जहाज नसलं तरी हजर राहिलेल्या कामगाराला हजेरीचे पैसे मिळू लागले. बाबा म्हणाले, "तुमचं अजून टोळीवाल्याचंच राज्य आहे की."

खरंय. आमचा टोळीवाला शिफारसपत्र लिहितो, एवढाच फरक. तीन वर्षं संपली की नवं गेट, नवी रांग. आणि आम्ही पीएचडीवाले इतके शहाणे की स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो आणि एकटेएकटे रांगेत उभे राहतो.

माझी मागणी साधी आहे. मुंबईतल्या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत, जिथे डोक्याला मार लागलेली माणसं रोज येतात, तिथे जाणिवेच्या तत्त्वज्ञानाची एकेक कायम जागा निर्माण करा. त्या माणसाने वॉर्डात बसावं, डॉक्टरांशी वाद घालावा, परिचारिका काय बघतात ते लिहून काढावं, आणि व्हेंटिलेटरजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकांना "त्याला कळतंय का हो?" याचं उत्तर मराठीत द्यावं. उत्तर "माहीत नाही" असलं तरी ते का माहीत नाही, हे धड सांगावं. एकदा एका कायम प्राध्यापकाच्या पगारात हे होईल.

आणि ज्या वर्षी उत्तर सापडणार नाही, त्या वर्षीही त्याचा पगार चालू राहावा. गोदीत जहाज नसलं तरी हजेरी लागायची, तशी.