वास्तूचा विक्रय

गिरगाव, दादर, पार्ले येथील वडिलांच्या वेळचे घर विकून बदलापूर-विरारकडे बिऱ्हाड हलविणे, ही मराठी मध्यमवर्गाची आता मळलेली वाट आहे. अशा कुटुंबांना ‘मुंबई सोडली’ म्हणून हिणविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. निवृत्त माणसाच्या ठेवींचे व्याज संसारास पुरत नसेल आणि दोन खोल्यांची किंमत मात्र त्याच्या जन्मभराच्या मिळकतीहून अधिक झाली असेल, तर त्या भिंती कवटाळून ओढग्रस्तीत राहण्यात कसला आला आहे कुलाभिमान? घर माणसांसाठी असते. माणसे घरासाठी नव्हेत.

परंतु विकणे गैर नाही, म्हणून विकण्याची रीतही योग्यच असते असे नव्हे. हा व्यवहार पुष्कळदा मुलगे आणि दलाल यांच्यातच ठरतो. आईला तो सहीपुरता कळतो आणि सासरी गेलेल्या बहिणीला हक्कसोडपत्र पुढे आल्यावर! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २३ व्या कलमान्वये, पुरुष वारस वाटणीस तयार होईपर्यंत कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींना मज्जाव होता. २००५ साली ते कलम रद्द झाले. त्याच दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार ठरली. कायदा बदलला, माजघरातील रिवाज मात्र बदलला नाही. भाऊबीजेच्या ओवाळणीत बहिणीचा हिस्सा फिटला, असे मानणारे सुशिक्षित आजही आढळतात, ही शरमेची गोष्ट होय.

दुसरा दोष हिशेबाचा. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर, तर विरार चर्चगेटपासून ६०. जाण्यायेण्यात खर्ची पडणारे रोजचे तीन तास आणि म्हाताऱ्या आईचा दुरावलेला नेहमीचा डॉक्टर, यांची नोंद खर्चाच्या बाजूस कोणी करीत नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती, हेही विसरता कामा नये. म्हणून नव्या गावी निदान एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. घाईचे कारण नाही. जुने घर विकल्यापासून दोन वर्षांच्या आत दुसरे तयार घर घेतल्यास, त्यात गुंतविलेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आयकरात सवलत मिळते.

घर विकावे, पण सर्व वारसांना एकत्र बसवून, किंमत उघड सांगून आणि प्रत्येकाचा हिस्सा कागदावर मांडून विकावे. आणि त्या पैशातून नवे घर घेतले जाईल, तेव्हा त्याच्या दस्तावर पहिले नाव आईचे असावे. जिने चाळीस वर्षे ते घर सांभाळले, तिला उतारवयात मुलाच्या घरची पाहुणी करणारा व्यवहार कितीही फायद्याचा असला, तरी तो तोट्याचाच होय.