उचल्या कोण?

नीती सोडली की बंड झालं, असं आपल्यातल्या काही शहाण्यांना वाटायला लागलंय. नांदेडच्या एका खोलीवर 'ले वाल्स्यूज' हा बर्त्रां ब्लिएचा १९७४ चा फ्रेंच पिक्चर बघून एक दोस्त मला म्हणला, "हे खरं बंड! ना घर, ना कायदा. धसालांचा 'गोलपिठा'च की!"

मला हे साफ नामंजूर आहे.

पिक्चरमधे काय हाय? देपार्दिय्यू आणि देवेर, दोन रिकामटेकडे जवान. गाडी उचलतात, पैसा उचलतात, बाई उचलतात. रेल्वेत लेकराला पाजणाऱ्या बाईला गाठतात. मारी-आंज नावाच्या पोरीला वस्तूसारखी दुसऱ्याच्या हवाली करतात. तुरुंगातून सुटलेली एक बाई त्यांच्यासंगं रात्र काढून स्वतःला गोळी घालून घेती. ह्यांची भटकंती चालूच. आणि ह्याला विनोद म्हणायचं! फ्रान्समधे बोंबाबोंब झाली आणि पन्नास लाखांवर तिकिटंही खपली. जाणकार सांगतात, हा पांढरपेशांच्या ढोंगावर हल्ला. असेल. पण ढोंग साहेबाचं आणि मार बाईला, हा कसला हल्ला?

आता लातूरकडं या. धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. त्यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, १९८८ ला साहित्य अकादमी मिळाली. तिथंही चोरी हाय. पण ती भुकेतनं येती आणि तिच्या मागं पोलिसांचा दंडा येतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातलं लेकरूसुद्धा चोर! ३१ ऑगस्ट १९५२ ला शिक्का कागदावरनं पुसला, पोलिसांच्या नजरेतनं नाही.

फरक बघा. गोऱ्या पोरानं गाडी पळवली तर तो मुक्त माणूस, कलेचा नायक. आमच्याकडं न केलेल्या चोरीसाठी पिढ्या फोडून काढल्या. ज्याला माणूस म्हणून आधीच मोजलंय, त्यालाच नीती फेकून देण्याची चैन परवडते. गायकवाडांनी चोरीचं गाणं केलं नाही. चोर बनवणाऱ्या व्यवस्थेला उभं धरलं.

आणि 'गोलपिठा'? १९७२ च्या त्या कवितेत शिव्या आहेत, घाण आहे. पण कामाठीपुऱ्यातल्या बाईला बघून कवी हसत नाही. तो तिच्या बाजूनं उभा राहून शिवी वर फेकतो. शिवी कोणत्या दिशेला जाते, हे ज्याला कळत नाही त्यानं बंडाच्या गप्पा मारू नयेत.

ऑगस्ट १९७८. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी. नामांतराच्या दंगलीत पोचीराम कांबळेंनी मरण पत्करलं, 'जयभीम' सोडलं नाही. बंड म्हणजे सगळं सोडून भटकणं नव्हे. एक गोष्ट जीव गेला तरी न सोडणं, हे बंड.

कुणी म्हणेल, शील म्हणजे भटाची सोवळी नीती. खोटं! सोवळ्यानं आपल्याला पाणी नाकारलं. शील आपण १९५६ ला नागपुरात स्वतःच्या तोंडानं घेतलं : चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही. ते कुणी लादलं नाही. जन्मानं गुन्हेगार, जन्मानं अस्पृश्य ठरवणाऱ्यांच्या तोंडावर मारलेला तो जबाब होता.

पिक्चर बघा, बंदी मागू नका. बंदी हे त्यांचं हत्यार. पण आपल्यासंगं मोर्चात घोषणा देणाऱ्या पोरीला रात्री परतताना आपलीच भीती वाटत असेल, तर कसलं बंड आणि कसली क्रांती? याचा जबाब आधी द्या.