'सुरेल' म्हणजे काय?

वसईच्या परिसरात आम्ही मराठी शिकवतो. गावाविषयीच्या निबंधांत 'चर्चची सुरेल घंटा' हमखास येते आणि आम्ही त्या विशेषणाखाली रेघ ओढतो. एकटी घंटा कोणत्या षड्जाशी जुळवून पाहायची? 'सुरेल' हे सापेक्ष विशेषण आहे. तानपुऱ्यावर षड्ज कायम असतो आणि गळा त्याच्याशी नाते राखतो, तेव्हा गाणे सुरेल होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चमधील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच मानली जाते. मोठ्या आवाजाच्या माणसाला लोक 'नारोशंकराची घंटा' म्हणू लागले. सुरेल गळ्याच्या माणसाला नव्हे. लोकांचे बरोबरच होते.

गोडवा ही आणखी वेगळी गोष्ट. गोड गळा कणसूर असू शकतो, घोगरा गळा सुरेल असू शकतो. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना सुरेल म्हणताना जाणकार स्वराच्या नेमकेपणाविषयी बोलत असतात. वृत्तपत्री 'सुरेल श्रद्धांजली'त त्यातले काही उरत नाही. तिथे 'गाण्यांची' एवढेच म्हणायचे असते. कार्यक्रम आवडला हे सांगायला 'श्रवणीय' पुरेसा आहे. ('सुश्राव्य' आता उत्तरपत्रिकेबाहेर क्वचितच भेटतो.) परीक्षणात प्रत्येकच गायक सुरेल ठरू लागला, तर ज्याचा स्वर खरोखर लागला त्याच्यासाठी समीक्षकाने कोणता शब्द राखून ठेवावा? 'कणसूर' तर गेल्या वर्षी आमच्या वर्गात एकालाच ठाऊक होता. तो भजनी मंडळात पेटी वाजवतो.